सात बिशपांचा राजीनामा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती रास्तच होती. पण आज मी बोलणार आहे एका धर्मगुरूविषयी, आणि तोही नॉर्वेसारख्या दूरच्या, बर्फाच्या देशातला. कामगार संघटनेचा माणूस देवळाच्या वाटेला कसा लागला, असे आपल्याला वाटावयाचे; म्हणून ते आधी सांगतो.

माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटावर आणि रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने घेतलेल्या पुस्तकांवर. कामगारांसाठी ज्यांनी प्राण दिले त्यांची नावे एका वहीत उतरवून ठेवण्याची मला तरुणपणापासून सवय आहे. त्या वहीत एका पानावर दोन नावे आहेत: विग्गो हान्स्टेन आणि रोल्फ विक्स्ट्रॉम.

एप्रिल १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत उतरल्या आणि दोन महिन्यांत देश त्यांच्या ताब्यात गेला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९४१ मध्ये, ओस्लो शहरातल्या कारखान्यांत कामगारांना कामावर मिळणारे दूध बंद करण्यात आले. दूध म्हटले म्हणजे क्षुल्लक गोष्ट वाटते. पण रेशनच्या दिवसांत भट्टीपुढे उभे राहणाऱ्या माणसाला पेलाभर दुधाची किंमत काय असते, हे ज्याने ते काम केले आहे त्यालाच विचारावे. ८ सप्टेंबरला कामगारांनी हत्यारे खाली ठेवली. १० तारखेला टेर्बोफेन या जर्मन सत्ताधीशाने शहरात लष्करी कायदा पुकारला आणि त्याच दिवशी दोघांना गोळ्या घातल्या. हान्स्टेन हे देशातल्या कामगार महासंघाचे वकील होते. विक्स्ट्रॉम हा रेल्वेचे डबे बांधणाऱ्या एका कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधी होता. हान्स्टेन तर त्या संपाच्या बाजूचेही नव्हते. सत्तेला नावे हवी होती, ती तिने घेतली. त्यानंतर महासंघाच्या कचेरीत नाझी पक्षाच्या विश्वासातली माणसे आणून बसविण्यात आली. पाटी तीच, शिक्का तोच, वर्गणीची पावतीही तीच. आतला माणूस मात्र मालकाचा.

या दोन नावांचा माग काढता काढता मी पुढे वाचीत गेलो, आणि मला एक नवल दिसले. पाच महिन्यांनी त्याच देशात, त्याच सरकारने, तोच डाव शिक्षकांवर आणि धर्मगुरूंवर टाकला, आणि तो साफ फसला. कामगार महासंघाच्या बाबतीत जे साधले ते चर्चच्या बाबतीत का साधले नाही? या एका प्रश्नासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

आणखी एक कारण आहे, ते जरा खासगी आहे. राजीनामा या गोष्टीशी माझाही एक जुना हिशेब आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यातल्या संघटनेचा चिटणीस होतो. वरच्या मंडळींनी बंद खोलीत व्यवस्थापनाशी एक करार केला. त्यात हंगामी कामगारांना वाऱ्यावर सोडले होते. माझ्या मनाला ते पटले नाही. मी राजीनाम्याचा कागद टेबलावर टाकला, कोणाशी काही न बोलता घरी आलो आणि त्या रात्री फार दिवसांनी शांत झोपलो. आठ दिवसांत माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस आला आणि त्याने मुकाट्याने सही केली. हंगामी माणसे घरी गेली. त्यांपैकी एकाची आई एके दिवशी माझ्या दारात आली आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही सही केली नाहीत हे खरं. पण मग आमच्यासाठी केलंत काय?” मी तिला चहा दिला, उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून, मनाच्या टोचणीने कोणी पद सोडल्याची गोष्ट वाचली की मी एकच पाहतो: हा माणूस पद सोडून गेला कोठे? घरी गेला, की आणखी कोठे?

नॉर्वेच्या चर्चची घडण समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळावयाची नाही. तो देश लूथरपंथी. १८१४ च्या राज्यघटनेने हा पंथ राज्याचा धर्म ठरविला होता आणि राजा हा चर्चचाही प्रमुख होता. बिशप म्हणजे एका प्रांताचा धर्माध्यक्ष; त्याची नेमणूक सरकारची आणि पगार सरकारचा. गावचा पाद्री जसा उपासना चालवी, तशीच जन्म-मृत्यूची सरकारी दफ्तरेही लिही. देवाची चाकरी आणि सरकारची चाकरी एकाच झग्यात शिवलेली. असे सात बिशप होते आणि त्यांत ओस्लोचा बिशप हा मानाने पहिला. १९३७ पासून त्या जागेवर होते आयविंद बेर्ग्राव्ह.

बेर्ग्राव्ह यांचा जन्म १८८४ चा. वडीलही बिशप होते, म्हणजे घरात धर्म होता तशी सत्ताही होती. पण मुलगा सरळ त्या वाटेने गेला नाही. त्याने शिक्षकी केली, मासिक चालविले, काही वर्षे ओस्लोच्या तुरुंगात कैद्यांचा पाद्री म्हणून काम केले. मग उत्तर ध्रुवाकडल्या प्रांतात नऊ वर्षे बिशप म्हणून कोळ्यांच्या वस्त्यांतून बोटीने हिंडला. कोठडीच्या दाराची बाहेरची बाजू त्यांनी पुष्कळ पाहिली होती. आतली पुढे पाहावयाची होती.

या माणसाला मी वीरपुरुष म्हणून आपल्यापुढे उभा करणार नाही, कारण आरंभी त्यांनी चुकाही केल्या. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा उतरल्या तेव्हा नागरिकांनी लढाईत हात घालू नये, असे आवाहन त्यांनी रेडिओवरून केले. त्या उन्हाळ्यात जर्मनांशी ज्या वाटाघाटी झाल्या त्यांतही ते होते. राजा इंग्लंडला निघून गेला होता आणि त्याने गादी सोडावी अशी मागणी पुढे आली होती. राजाने ती धुडकावली. रक्तपात टाळावा हा बेर्ग्राव्ह यांचा हेतू. पण त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अगदीच अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. समेटाने काही वाचेल असे ज्याला वाटते तो माणूस वाईटच असतो असे नाही. मी स्वतः पुष्कळ समेट केले आहेत. समेटाची रेघ कोठे संपते ते कळले म्हणजे झाले.

ती रेघ त्यांना त्याच वर्षी दिसू लागली. सप्टेंबर १९४० मध्ये टेर्बोफेनने एक पक्ष सोडून बाकी सगळे पक्ष बेकायदा ठरविले. तो एक पक्ष विद्कुन क्विस्लिंगचा. त्याचे नाव पुढे जगातल्या कित्येक भाषांत देशद्रोह्याला पर्यायशब्द होऊन बसले. दैवाची गंमत अशी की, हा क्विस्लिंग स्वतः एका पाद्र्याचा मुलगा होता.

बेर्ग्राव्ह यांनी आता पहिली गोष्ट केली ती राजीनाम्याची नव्हे, जुळवाजुळवीची. नॉर्वेच्या चर्चमध्ये दोन तट होते आणि त्यांचे भांडण जुने. एकीकडे नव्या विचारांचे, धर्मग्रंथाचा अर्थ मोकळेपणाने लावणारे. दुसरीकडे कडवे श्रद्धावान. त्यांचे पुढारी प्राध्यापक हालेस्बी. नव्या विचारांच्या लोकांशी सहकार्य करावयाचे नाही, हे हालेस्बी यांचे वर्षानुवर्षांचे धोरण होते, आणि बेर्ग्राव्ह त्या नव्या विचारांच्या बाजूचे समजले जात. ऑक्टोबर १९४० मध्ये या दोघांनी एकत्र बसून एक संयुक्त मंडळ स्थापन केले. एकाच गिरणीत दोन युनियन असतात आणि त्यांचे कार्यकर्ते एका टपरीवर चहासुद्धा पीत नाहीत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या एका बैठकीची किंमत कळेल. माझ्या मते पुढचा सारा विजय त्या बैठकीतच निम्मा पदरात पडला होता.

डिसेंबर १९४० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश एकदम पदावरून उतरले. आपल्या हुकमांची छाननी करण्याचा न्यायालयाला अधिकार नाही, असे टेर्बोफेनने कळविले होते. ज्या न्यायालयाला कायदा तपासता येत नाही त्यात बसून करावयाचे काय? बिशपांपुढे आता उदाहरण होते. पण ते अजून जागेवरून उठले नाहीत. फेब्रुवारी १९४१ मध्ये सातही बिशपांच्या सहीने एक पत्र निघाले आणि ते चर्चमधून वाचले गेले. त्यात तीन तक्रारी होत्या. क्विस्लिंगच्या पक्षाची टोळकी रस्त्यावर आणि शाळांतून मारहाण करीत होती, ही पहिली. न्यायाधीशांना जावे लागले, ही दुसरी. तिसरी तक्रार पाद्र्यांच्या जिव्हाळ्याची होती: कोणी माणूस आपले मन मोकळे करून पाद्र्याजवळ काही बोलला, तर ते पोलिसांना सांगण्याची सक्ती करू पाहणारा हुकूम निघाला होता. पोलिसांनी पत्राच्या प्रती जप्त करण्याचा प्रयत्न केला. तरी ते देशभर पोहोचले.

येथे एक अडचण होती आणि ती बाहेरची नव्हती, मनातली होती. लूथरपंथाची शिकवण अशी चालत आलेली की, राज्यकर्ता ही देवाची योजना. त्याची आज्ञा पाळावी. जर्मनीतले पुष्कळ पाद्री या एका वचनाच्या आधाराने गप्प बसले होते. बेर्ग्राव्ह यांनी १९४१ मध्ये लूथरचेच लिखाण पुन्हा काढून आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडले. त्यांच्या मांडणीचा दाखला साधा होता: गाडीवान बेभान होऊन गाडी भलतीकडे हाकू लागला, तर आत बसलेल्याने धर्म म्हणून हात बांधून बसावयाचे की लगाम काढून घ्यावयाचा? ज्या ग्रंथाच्या बळावर गप्प बसविले जात होते त्याच ग्रंथातून त्यांनी बोलण्याची आज्ञा शोधली. आपल्याकडे संतांनीही पुष्कळदा हेच केले आहे, हे आपल्याला सांगावयास नको.

आता १९४२ साल उजाडले. १ फेब्रुवारीला ओस्लोच्या किल्ल्यात समारंभ होऊन क्विस्लिंग ‘मंत्री-अध्यक्ष’ झाला. त्याच दिवशी त्रोन्हाईम शहरातल्या निडारोसच्या पुरातन महाचर्चमध्ये त्याच्या पक्षाच्या पाद्र्याने सकाळची उपासना चालवावी असे ठरविण्यात आले. तेथले मुख्य पाद्री आर्ने फ्येलबू यांनी आपली उपासना दुपारी ठेवली. दुपारी लोक हजारोंनी लोटले, तेव्हा पोलिसांनी दारे अडविली. कडाक्याच्या थंडीत माणसे बाहेर उभी राहिली. कोणी परतले नाही. त्यांनी लूथरचे स्तोत्र म्हटले आणि मग राष्ट्रगीत म्हटले. फ्येलबूंना बडतर्फ करण्यात आले.

त्याच आठवड्यात क्विस्लिंगने दोन कायदे काढले. दहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीने पक्षाच्या युवक संघटनेत सेवा करावी, हा एक. प्रत्येक शिक्षकाने सरकारी शिक्षक संघात दाखल व्हावे, हा दुसरा. म्हणजे कामगार महासंघाचा धडा पुन्हा: संघटना मोडावयाची नाही, वरून ताब्यात घ्यावयाची.

२४ फेब्रुवारी १९४२ रोजी सातही बिशपांनी आपले पद सोडल्याचे कळविले. या राजीनाम्याची मांडणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. कोणीही असे लिहिले नाही की, मी थकलो, मला मुक्त करा. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, सरकारने आम्हांला जे दिले ते आम्ही सरकारला परत करीत आहोत: हुद्दा, अधिकार, पगार, दफ्तर. परंतु वेदीपुढे दीक्षा घेताना जे आमच्या हाती दिले गेले ते सरकारने दिलेले नव्हते, म्हणून ते सरकारला परत करता येत नाही. उपदेश करणे, दुःखितांजवळ बसणे, लोकांची आत्मिक काळजी वाहणे, हे आम्ही करीत राहू.

बंधुभगिनींनो, याला मी राजीनामा म्हणू की संप म्हणू? राजीनाम्यात माणूस काम आणि दाम दोन्ही सोडतो. संपात तो काम थांबवितो आणि जागेवरचा हक्क राखतो. यांनी तिसरेच काही केले. दाम सोडले, जागा सोडली, आणि काम चालू ठेवले.

हे सारे एकटे-दुकटे घडले असते तर सरकारने सात माणसे बदलून प्रकरण मिटविले असते. पण बिशपांच्या मागोमाग शिक्षक उठले. देशातल्या सुमारे बारा हजार शिक्षकांपैकी आठ ते दहा हजारांनी एकाच मजकुराची पत्रे पाठविली की, आम्ही या संघाचे सभासद होऊ शकत नाही. पाठोपाठ आईबापांची पत्रे आली. त्यांची संख्या लाखावर गेली. सरकारने सरपणाच्या टंचाईचे निमित्त सांगून शाळा बंद केल्या. मार्चमध्ये सुमारे अकराशे शिक्षकांना पकडले आणि त्यांतल्या कित्येकशे जणांना ‘शेर्स्ताद’ नावाच्या एका जुनाट बोटीत कोंबून अगदी उत्तरेच्या टोकाला, किर्केनेस येथे जर्मन फौजांची हमाली करण्यास धाडले. त्यांच्या घरच्यांना शेजाऱ्यांनी सांभाळले. शिक्षक वाकले नाहीत. शेवटी त्या सरकारी संघाचा बेत सोडून द्यावा लागला आणि वर्ष संपण्यापूर्वी शिक्षक घरी परतले.

मग आला ५ एप्रिल, ईस्टरचा रविवार. त्या दिवशी देशभरच्या चर्चमधून ‘चर्चचा पाया’ नावाचे निवेदन वाचण्यात आले. त्याचे मुख्य लेखक बेर्ग्राव्ह. देवाच्या वचनावर कोणाचा हुकूम चालणार नाही. दीक्षा सरकारला काढून घेता येणार नाही. मुलांना वाढविण्याचा हक्क प्रथम आईबापांचा आहे. राज्य अन्याय करू लागले तर त्याला तसे सांगणे हे चर्चचे कर्तव्य आहे. असा त्याचा आशय. आणि ते वाचून गावोगावच्या पाद्र्यांनी आपले सरकारी पद सोडल्याचे जाहीर केले. शंभरातल्या नव्वदाहून अधिक पाद्र्यांनी ते केले. पूर्ण तयारी करून पुकारलेल्या संपातसुद्धा शंभरातले नव्वद बाहेर पडले तर आम्ही त्या रात्री पेढे वाटतो. येथे तर पोटावर पाय पडणार हे ठाऊक असलेले, बायकामुलांचे, सरकारी घरात राहणारे लोक होते.

त्याच आठवड्यात बेर्ग्राव्ह यांना अटक झाली. आधी तुरुंग, मग ओस्लोजवळच्या आस्केर येथे रानातल्या त्यांच्याच लाकडी झोपडीत पहाऱ्यात कैद. त्यांना जबर शिक्षा होणार अशी भीती होती. त्या एप्रिलमध्येच हेल्मूट फॉन मोल्टके आणि डीट्रिख बोनहोफर हे दोन जर्मन नॉर्वेला येऊन गेले. कागदोपत्री ते जर्मन लष्कराच्या कामासाठी आले होते. मनाने दोघेही हिटलरचे विरोधक. त्यांनी नॉर्वेतल्या धर्मगुरूंना निरोप दिला तो हाच की, मागे हटू नका. पुढे १९४५ मध्ये हिटलरच्या राजवटीने त्या दोघांनाही फाशी दिले.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. सरकारने रिकाम्या जागांवर आपले बिशप नेमले. इमारती त्यांच्या, घंटा त्यांच्या, शिक्का त्यांचा. पण उपासनेला माणूस फिरकेना. जेथे राजीनामा दिलेला पाद्री उभा राही तेथे गाव जमे. जेथे सरकारी पाद्री उभा राही तेथे बाकडी रिकामी. कित्येक पाद्र्यांना त्यांच्या गावांतून हद्दपार केले, काहींना तुरुंगात टाकले. पगार बंद झाले तेव्हा लोकांनी गुपचूप वर्गणी काढून त्यांची चूल पेटती ठेवली. वरच्या मंडळात एकाला पकडले की दुसरा त्याच्या जागी येई. कामगार महासंघाची खुर्ची सरकारने भरलेली असतानाच बळकावली. पुढाऱ्यांना गोळ्या घालून, बाकीच्यांना सावरण्यास वेळ न देता. चर्चची खुर्ची बळकावण्याआधीच चर्चच्या लोकांनी ती रिकामी केली आणि तिच्यात जे मोलाचे होते ते बरोबर नेले. हान्स्टेन-विक्स्ट्रॉमच्या बाजूने एवढेच सांगतो की, त्यांचे सोबती कमी धीराचे होते असे मुळीच नाही. त्यांच्यावर घाव पहिला पडला, आणि पहिल्या घावातून इतरांना शहाणपण आले. चळवळीत असे नेहमी होते. आणि पहिला घाव सोसणाऱ्यांची नावे वहीत एका कोपऱ्यात राहतात.

पण ही गोष्ट येथे संपविली तर मी आपल्याला अर्धेच सांगितले असे होईल. जानेवारी १९४२ मध्ये, म्हणजे बिशपांच्या राजीनाम्याच्या महिनाभर आधी, नॉर्वेतल्या ज्यू लोकांच्या ओळखपत्रांवर वेगळा शिक्का मारण्याचा हुकूम निघाला होता. बिशपांच्या राजीनाम्याच्या कारणांत त्या शिक्क्याची गोष्ट नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस ज्यू पुरुषांची सरसकट धरपकड झाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेर्ग्राव्ह यांच्या मागे राहिलेल्या धर्मनेत्यांनी क्विस्लिंगला एक कडक निषेधपत्र पाठविले. त्यावर चर्चच्या साऱ्या शाखांच्या आणि चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांच्याही लोकांचा पाठिंबा होता, आणि डिसेंबरात ते चर्चमधून वाचले गेले. पत्र चांगले होते, निर्भय होते. पण २६ नोव्हेंबरला ‘दोनाउ’ हे जहाज पाचशेहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना घेऊन ओस्लोच्या धक्क्यावरून सुटले होते. युद्धकाळात एकूण सातशेहून अधिक ज्यू नॉर्वेतून हद्दपार झाले. जिवंत परतले ते पन्नासही नव्हते. अर्ध्याहून अधिक ज्यू स्वीडनमध्ये निसटले, आणि त्यांना वाट दाखविणाऱ्यांत साधी नॉर्वेजियन माणसे पुष्कळ होती. तरीही हिशेब मांडावयाचा तो सरळ मांडला पाहिजे. आपल्या मंदिराचे दार अडविले गेले तेव्हा सदसद्विवेक लगेच जागा झाला. शेजाऱ्याच्या ओळखपत्रावर शिक्का पडला तेव्हा त्याला जागे होण्यास सुमारे दहा महिने लागले.

हे मी त्या लोकांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. हंगामी कामगारांचा शिक्का आमच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे पडत आला आणि कायम कामगारांच्या आम्हां पुढाऱ्यांना तो दिसत नव्हता, म्हणून सांगतो. मी राजीनामा दिला तोही शेवटच्या करारावर. त्याआधीचे किती करार मी डोळे मिटून सही केले होते, हे त्या म्हातारीने मला विचारले नाही, हे माझे नशीब.

बेर्ग्राव्ह तीन वर्षे त्या झोपडीत होते. पहारेकऱ्यांची नजर चुकवून, आणि कधी त्यांच्याच डोळेझाकीने, वेष पालटून ते बाहेर पडत आणि सहकाऱ्यांना भेटत. एप्रिल १९४५ मध्ये ते तेथून निसटले. पुढच्याच महिन्यात जर्मनीने शरणागती पत्करली. टेर्बोफेनने स्वतःला संपविले. क्विस्लिंगवर खटला चालून ऑक्टोबरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. बिशप आणि पाद्री आपापल्या जागी परत आले. परत आले म्हणण्यापेक्षा, हुद्दा त्यांच्याकडे परत आला असे म्हणणे बरोबर होईल. बेर्ग्राव्ह पुढे जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षांपैकी एक झाले आणि १९५९ च्या जानेवारीत वारले. सरकारची चाकरी आणि देवाची चाकरी एका झग्यात शिवण्याची ती जुनी पद्धतही नॉर्वेने सावकाश उसवीत आणली: २०१२ मध्ये घटना बदलली आणि २०१७ पासून चर्च कायद्याने वेगळी संस्था झाली. त्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षे आधी माणसांनी जे धोका पत्करून करून दाखविले होते, ते कागदावर येण्यास इतका काळ लागला.

माझे बोलणे संपत आले. श्रोत्यांत कोणी संस्थांचे पदाधिकारी असतील, कोणी शाळेचे, कोणी देवस्थानाचे विश्वस्त असतील. आपल्यावरही एखादे दिवशी असा प्रसंग येईल की, पुढ्यातल्या कागदावर सही करावयाची की उठावयाचे. उठावेसे वाटले तर उठा; मी कोणाला खुर्चीला चिकटून बसा असे सांगणार नाही. पण उठण्यापूर्वी आपल्या विरोधी तटातल्या हालेस्बीला गाठा. उठताना सरकारचे काय आणि आपले काय, ते नीट निवडून घ्या. आणि उठल्यावर घरी जाऊ नका. ज्यांच्यासाठी उठलात त्यांच्या दारी जा.

ती म्हातारी आता हयात नाही. पुढे तिच्या मुलासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी मी सात वर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. कोणत्याही पदावर नसताना केल्या. निम्म्या माणसांना नुकसानभरपाई मिळाली, निम्म्यांना नाही. तिच्या प्रश्नाचे माझे उत्तरही तेवढेच निम्मे आहे. ते आपल्यापुढे ठेवतो.